तीनशे अंकी संख्येला भाग कोणी देऊन पाहिला?

प्रश्न: देशातलं पहिलं आधार आमच्या जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. मध्यंतरी आमच्याकडे वर नोंदणीला आलेला मुलगा म्हणाला, "तुमची माहिती या लॅपटॉपमध्येच कुलूपबंद होते, नंतर मलाही उघडता येत नाही. ते कुलूप मोठ्या मूळ संख्यांचं असतं, तीनशे तीनशे अंकी." शाळेत मूळ संख्या शोधताना आम्ही पाढे म्हणत भाग देऊन बघायचो. तीनशे अंकी संख्येला कोणी भाग देऊन पाहिला? नसेल पाहिला तर ती मूळ आहे हे कशावरून? आणि संगणकाला ते कळत असेल, तर त्याला कुलूपही उघडता आलं पाहिजे. नाही का?
– एक वाचक, तोरणमाळ (ता. अक्राणी, जि. नंदुरबार)

उत्तर: भाग कोणीही देऊन पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. पण तुमच्या तीन शंकांपैकी शेवटची सगळ्यांत नेमकी आहे. गणितवाल्यांनी शे-दीडशे वर्षं जे घोळवलं ते तुम्ही एका "नाही का?"मध्ये विचारलंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भागाकाराचा हिशोब मिटवू. संख्येच्या वर्गमुळापर्यंत भाग देऊन पाहिलं की पुरतं, हे तुम्हाला आठवत असेल. ९७ मूळ आहे का हे ठरवायला २, ३, ५ आणि ७ बस झाले, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि तिचा वर्ग ९७ च्या पलीकडे जातो. आता ३०९ अंकी संख्या घ्या. तिचं वर्गमूळ १५५ अंकी. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतके भागाकार करणारं यंत्र लावलं, तरी एकावर सुमारे १३६ शून्यं इतके सेकंद लागतील. विश्वाचं आजवरचं वय सेकंदांत लिहिलं तर आकडा जेमतेम अठरा अंकी होतो. तेव्हा पाढ्यांची वाट इथेच बंद.

मग दुसरी वाट कोणती? ती समजायला एक जुनी गोष्ट सांगतो. २ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. सतराव्या शतकात मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं ती मूळ असल्याचं लिहून ठेवलं होतं. १८७६ साली एद्वार लुका या फ्रेंच गणितीनं दाखवलं की ती मूळ नाही. पण तिला कशानं भाग जातो, हे त्याला सांगता आलं नाही! पुढची सत्तावीस वर्षं जगाला एवढंच माहीत होतं: ही संख्या फुटते, पण कुठे फुटते ते ठाऊक नाही. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले. एका बाजूला त्यांनी ही संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार हातानं करून दाखवला. दोन्ही उत्तरं जुळली. ते एक अक्षर न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या पडल्या, असं सांगतात. किती वेळ लागला असं कोणी विचारल्यावर "तीन वर्षांचे रविवार" असं उत्तर त्यांनी दिल्याचीही आख्यायिका आहे.

तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर या गोष्टीतच आहे. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं एक काम, आणि तिचे अवयव शोधणं हे निराळंच काम. शाळेत आपण दोन्ही एकाच भागाकारानं करतो, म्हणून ती एकच वाटतात. मोठ्या संख्यांत पहिलं काम सोपं निघतं आणि दुसरं महाकठीण.

सोपं कसं, ते मण्यांवर पाहू. तुमच्याकडे मण्यांच्या माळा घरोघरी असतील. लाल आणि पांढरे मणी घ्या आणि पाच मणी एका ओळीत मांडा. प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे एकंदर ३२ मांडण्या. त्यातली सगळी लाल आणि सगळी पांढरी अशा दोन बाजूला काढा, उरल्या ३०. आता कुठलीही एक मांडणी घेऊन पुढचा मणी काढून मागे लावा, पुन्हा पुढचा काढून मागे लावा. असं पाच वेळा केलं की मूळची मांडणी परत येते, आणि मधल्या पाचही मांडण्या एकमेकींहून वेगळ्या असतात. म्हणजे त्या ३० मांडण्या पाच-पाचच्या टोळ्यांत चोख वाटल्या जातात. सहा टोळ्या, बाकी शून्य.

हेच सहा मण्यांवर करा. लाल-पांढरा-लाल-पांढरा-लाल-पांढरा ही मांडणी दोनच मणी सरकवले की जशीच्या तशी परत येते. तिची टोळी सहाची होत नाही, दोनचीच होते. कारण उघड आहे: सहाला दोननं भाग जातो. पाचला मधला कुठलाच भाग जात नाही, म्हणून पाच मण्यांत अशी लबाडी संभवत नाही. सातातही नाही, अकरातही नाही. सहा मण्यांच्या ६२ मांडण्या उरतात आणि ६२ ला ६ नं निःशेष भाग जात नाही.

म्हणजे नियम असा: मण्यांची संख्या मूळ असेल, तर २ चा तितकावा घात घेऊन त्यातून २ वजा केल्यावर त्या संख्येनं भाग गेलाच पाहिजे. संख्या विषम असेल तर हेच आणखी सुटसुटीत सांगता येतं: २ चा एकनं कमी घात घ्या, त्या संख्येनं भागा, बाकी १ उरली पाहिजे. फेर्मा या वकिलानं १६४० साली एका पत्रात हा नियम लिहिला होता. रंग दोनऐवजी तीन किंवा दहा घेतले तरी तो चालतो. आता तो उलटा वापरा. बाकी १ उरली नाही, तर संख्या मूळ नाही. अवयव माहीत असण्याची गरजच नाही.

एक करून बघू. ९१ घ्या. दिसायला अगदी मूळ संख्येसारखी आहे, परीक्षेत हमखास फसवते. २ चा ९० वा घात काढायचा, पण तो सत्तावीस-अठ्ठावीस अंकी आकडा लिहीत बसायचं नाही. वर्ग करत जायचं आणि दर वेळी ९१ नं भागून फक्त बाकी ठेवायची. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, म्हणजे बाकी ७४. ७४ चा वर्ग ५४७६, बाकी १६. पुढे ७४, मग पुन्हा १६. हे झाले १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ वे घात. ९० म्हणजे ६४, १६, ८ आणि २ यांची बेरीज. त्या चार घातांच्या बाक्या आहेत १६, १६, ७४ आणि ४. त्या गुणायच्या आणि पुन्हा ९१ नं भागायचं. बाकी येते ६४. १ आली नाही, म्हणजे ९१ मूळ नाही. ती ७ × १३ आहे हे आपल्याला ठाऊक आहे, पण या गणितात सात कुठेच आला नाही, तेराही आला नाही.

३०९ अंकी संख्येला असे वर्ग करायला किती पायऱ्या लागतात? हजाराच्या आसपास. संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

तरी एक अडचण आहे. बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही, हे पक्कं. पण बाकी १ आली तर ती मूळ आहेच, असं म्हणता येत नाही. ३४१ ही संख्या ११ × ३१ आहे, तरी २ घेऊन केलेल्या परीक्षेत ती पास होते. ३ घेतला तर बाकी ५६ येते आणि ती पकडली जाते. ५६१ तर अट्टल बनेल. ती ३ × ११ × १७ आहे, पण या तिघांपैकी कोणाचाही पट नसलेला कुठलाही आकडा घ्या, बाकी १ च येते.

या बनेलांना पकडण्याची युक्ती १९७६ ते १९८० या काळात गॅरी मिलर आणि मायकेल राबिन यांनी बसवली. मूळ संख्येनं भागल्यावर ज्याच्या वर्गाची बाकी १ येते, असा आकडा १ तरी असतो किंवा त्या संख्येहून एकनं कमी तरी. तिसरा कोणी नसतो. म्हणून शेवटच्या १ पर्यंत पोचताना आधीची पायरी कुठली होती ते बघायचं. ५६१ च्या बाबतीत २ चा १४० वा घात घेतला की बाकी ६७ आणि २८० वा घेतला की बाकी १. म्हणजे ६७ चा वर्ग करून १ मिळाला. पण ६७ ना १ आहे, ना ५६०. चोरी उघड झाली.

या परीक्षेत कुठलाही आकडा डोळे मिटून उचलला तरी संयुक्त संख्या सापडण्याची शक्यता चारात तीन किंवा त्याहून जास्त असते. असे चाळीस आकडे लावले आणि संख्या सगळ्यांतून सुटली, तर ती संयुक्त असूनही सुटली असण्याची शक्यता एकावर चोवीस शून्यांत एक. यंत्र बिघडून चुकीचं उत्तर येण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त असेल, म्हणून व्यवहारात एवढ्यावर काम भागवतात. शंभर टक्के खात्रीची आणि तरीही झटपट अशी रीत असू शकते का, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं अडून होता. तो सोडवला कानपूरच्या आयआयटीत, ऑगस्ट २००२ मध्ये, मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी. त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. त्यांचा लेख इतका आटोपशीर होता की जगभरच्या तज्ज्ञांनी काही दिवसांत तपासून पसंतीची मान हलवली. रोजच्या वापरात मात्र मिलर-राबिनच चालतं, कारण ते वेगानं पुष्कळ पुढे आहे.

मग एवढी मोठी मूळ संख्या आणायची कुठून? शोधायची नसतेच, उचलायची असते. या आकारात साधारण ७१० संख्यांमागे एक मूळ असते. सम वगळल्या तर ३५५ मागे एक. मनाला येईल ती ३०९ अंकी विषम संख्या घ्या, परीक्षा लावा, नापास झाली तर टाकून दुसरी घ्या. काहीशे फेऱ्यांत एक हाती लागते. त्या संपतील अशी भीती बाळगू नका. या आकाराच्या मूळ संख्या एकावर तीनशे शून्यांहून जास्त आहेत.

आता कुलूप. आधारच्या नोंदणीत २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी, किल्ली वापरतात. त्यामागची रीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली शोधली. तिघांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. तीनशे नऊ अंकी दोन मूळ संख्या गुणल्या की ६१७ अंकी एक संख्या होते. हा गुणाकार जगजाहीर असतो आणि नोंदणीच्या लॅपटॉपमध्येही असतो. ते दोन अवयव मात्र फक्त कुलूप उघडणाऱ्याकडे. (बारकावा असा की तुमचा फोटो, ठसे वगैरे आधी एका छोट्या, त्या वेळेपुरत्या किल्लीनं बंद होतात आणि ती छोटी किल्ली या मोठ्या कुलपात जाते.)

छोटा नमुना बघा. अवयव ५ आणि ११, गुणाकार ५५. बंद करायची रीत जाहीर: संख्येचा घन करा, ५५ नं भागा, बाकी पाठवा. मला ७ पाठवायचे आहेत. घन ३४३, बाकी १३. हे १३ कोणीही वाटेत पाहिले तरी चालेल. उघडायला १३ चा २७ वा घात घेऊन ५५ नं भागायचं, बाकी पुन्हा ७. ही २७ आली कुठून? दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून गुणले: ४ × १० = ४०. ज्याला तीननं गुणल्यावर आणि चाळीसनं भागल्यावर बाकी १ उरते, असा आकडा २७. म्हणजे ५ आणि ११ माहीत असल्याशिवाय ४० मिळत नाहीत आणि ४० मिळाल्याशिवाय २७ मिळत नाही. ५५ चे अवयव पोरंही सांगतील. ६१७ अंकीचे सांगा म्हटलं तर सगळे गप्प.

त्या मुलानं तुम्हाला खरं तेच सांगितलं. तुमच्याकडे वर रेंज नसली तरी नोंदणी अडत नाही. माहितीचं पाकीट लॅपटॉपमध्येच कुलूपबंद होतं आणि खाली नेटवर्क मिळाल्यावर रवाना होतं. सातपायरी घाट उतरताना तो लॅपटॉप सीताखाईत पडला आणि कोणाच्या हाती लागला, तरी त्याला त्या पाकिटातून काही मिळणार नाही. बंद करायला लागणारं सगळं त्यात आहे, उघडायला लागणारं काहीच नाही.

आता तुमचं "नाही का?" पुरतं हाताळतो. अवयव काढणं किती अवघड? १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात १२९ अंकी एक गुणाकार छापून वाचकांना आव्हान दिलं होतं. तो १९९४ मध्ये फुटला. इंटरनेटवरून जोडल्या गेलेल्या सुमारे सहाशे जणांनी आपापले संगणक त्यासाठी लावले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी फुटला. तेच काम एकट्या प्रोसेसरला दिलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. प्रत्येक वाढलेल्या अंकासरशी काम वाढत जातं आणि ६१७ अंकांचं गाव अजून फार दूर आहे. पण एक गोष्ट उघड सांगायला हवी: हे काम अवघडच आहे असं आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. अजून सोपी रीत कोणाला सापडलेली नाही, एवढंच. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये क्वांटम संगणकासाठी अशी रीत लिहूनही ठेवली आहे. ती चालवण्याइतका मोठा आणि भरवशाचा क्वांटम संगणक अजून बनलेला नाही. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं मूळ संख्यांवर न टेकणाऱ्या नव्या कुलपांचे नमुने जाहीर केले.

खरा धोका मला वेगळीकडे दिसतो, आणि तो गणितातला कमी, आळसातला जास्त. मूळ संख्या मनाला येईल तशी उचलायची असते, असं वर म्हटलं. यंत्रानं ती खरोखर तशी उचलली नाही तर? समजा दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या जाहीर संख्या ८६३३ आणि ८९८९ आहेत. एकेकटीचे अवयव काढायला वेळ लागेल. पण दोघींचा मसावि काढा, सहावी-सातवीत काढायचो तसाच. ८९८९ मधून ८६३३ गेले, राहिले ३५६. ८६३३ ला ३५६ नं भागलं, बाकी ८९. ३५६ ला ८९ नं चोख भाग जातो. झालं, दोघींत ८९ सामाईक आहे, आणि एका झटक्यात दोन्ही फुटल्या: ८९ × ९७ आणि ८९ × १०१. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून नेमकं हेच केलं. हजारो यंत्रांची कुलपं मसावि काढण्याच्या या युक्लिडच्या रीतीनं उघडली, कारण त्या यंत्रांनी चालू होताहोताच, पुरेशी सरमिसळ व्हायच्या आत, मूळ संख्या उचलल्या होत्या.

एस्टोनियाचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं. तिथेही प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र असतं आणि त्यातल्या चिपमध्ये स्वतःची किल्ली. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहरातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की त्या चिप वेळ वाचवण्यासाठी ठरावीक साच्यातल्याच मूळ संख्या उचलतात. संख्या मूळ होत्या, मोठ्या होत्या, परीक्षेतही पास होत्या. पण साचा कळल्यामुळे अवयव शोधण्याचं क्षेत्र आखूड झालं. एस्टोनियानं त्या नोव्हेंबरात सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवली.

प्रश्न: मग आपला बारा अंकी आधार क्रमांक स्वतः मूळ संख्या असतो का?
– वरील वाचकांच्याच पत्रात, ताजा कलम

उत्तर: कोणाचा असेल, कोणाचा नसेल. त्याला नियम नाही. बारा अंकी संख्यांमध्ये साधारण २७ मागे एक मूळ सापडते. शेवटचा अंक सम किंवा ५ असेल तर विचारूच नका. अंकांच्या बेरजेला ३ नं भाग गेला तरीही सोडून द्या. शेवटचा अंक मूळ-बिळ पाहून ठरत नाही. तो आधीच्या अकरा अंकांवरून निघतो, म्हणजे टंकताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर लगेच कळावं. ही रीत डच गणिती व्हेरहूफ यांची, १९६९ सालची. आणि कृपा करून तपासायला आम्हाला आपला क्रमांक पाठवू नका.

प्रश्न: जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली अशी बातमी वाचली. कुलपाला तीच का वापरत नाहीत?
– एक विद्यार्थी, शहादा

उत्तर: बातमीत आली म्हणूनच! किल्ली वर्तमानपत्रात छापून आल्यावर कुलपाचा उपयोग काय? तू वाचलेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी ती शोधली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील. ती मूळ असल्याचं पक्कं झालं ते लुकानं सुरू केलेल्या रीतीच्याच वाटेनं. २ च्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांसाठी ती रीत फार सोयीची पडते, म्हणून विक्रमी मूळ संख्या बहुतेक वेळा याच कुळातल्या असतात. कुलपाला मात्र असल्या नामांकित कुळातली नको, अनोळखी हवी.

प्रश्न: ११ मूळ आहे. १११ मूळ नाही, कारण ३७ × ३. नुसत्या एकांच्या संख्यांमध्ये पुढे एखादी मूळ येते का? मी आठ एकांपर्यंत पाहिलं.
– इयत्ता आठवी, आश्रमशाळा, ता. अक्राणी

उत्तर: शाबास. तू थांबलास तिथून पुढे बरंच चालावं लागलं असतं. पुढची मूळ संख्या १९ एकांची आहे आणि तिच्यानंतरची २३ एकांची.

यातलं थोडं काम वाचवता येतं. एक किती वेळा लिहिलाय तो आकडाच जर संयुक्त असेल, तर त्या एकांची संख्या मूळ असूच शकत नाही. ११११११ म्हणजे सहा एक. दोन-दोनचे तीन गट केले तर ११ × १०१०१, तीन-तीनचे दोन केले तर १११ × १००१. म्हणून फक्त २, ३, ५, ७, ११ अशा मूळ मोजणीचेच एक तपासायचे. तेवढ्यानं हमी मिळत नाही, हे तू स्वतः पाहिलंस. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

अशा संख्यांवर जीव टाकणारे एक गुरुजी आपल्याकडे होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. नाशिकजवळ देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, आणि संशोधनासाठी ना पदव्युत्तर पदवी, ना प्रयोगशाळा. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावानं जगभर ओळखली जाते. कुठलेही चार अंक घे, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांड, चढत्या क्रमानं मांड, मोठ्यातून लहान वजा कर, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सात फेऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन थांबतोस. एकांच्या संख्यांचे वर्ग त्यांना फार आवडायचे: १११ चा १२३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. या कुळाला त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनावरून; कल्पना तिथे सुचली होती. त्यांचं नाव परदेशात पोचवलं ते वर आलेल्या मार्टिन गार्डनर यांनीच, १९७५ मध्ये, त्याच सदरातून.

२३ नंतर मूळ संख्या येते ती थेट ३१७ एकांची, मग १०३१ एकांची. १०३१ वाली मूळ असल्याचं १९८६ मध्ये सिद्ध झालं. कापरेकर त्याच वर्षी गेले. ४९,०८१ एकांची २०२२ मध्ये, ८६,४५३ एकांची २०२३ मध्ये आणि १,०९,२९७ एकांची २०२५ मध्ये पक्की झाली. त्यापुढच्या तीन सापडल्या आहेत: २,७०,३४३ एकांची, ५७,९४,७७७ एकांची आणि ८१,७७,२०७ एकांची. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या, बाकी बघण्याच्या परीक्षेत या तिघी पास झाल्या आहेत. त्या मूळ असल्याची सिद्धता मात्र अजून कोणाकडे नाही. तोवर त्यांच्यापुढे 'बहुधा मूळ' असंच लिहायचं.